चिंचवड समाधिस्थान व लोककथा

मारुंजीच्या पूर्वेस, पवनेच्या काठी असलेले गाणपत्य संप्रदायाचे समाधिक्षेत्र. मोरया गोसावी यांच्या संजीवन समाधीवरील मंदिराचे बांधकाम त्यांचे पुत्र चिंतामणि महाराज यांनी १६५८-५९ मध्ये पूर्ण केले, असे तेथील शिलालेखावरून दिसते. नंतरच्या सत्पुरुषांच्या समाध्याही याच आवारात आहेत.

लोकश्रुतीनुसार, वार्धक्याने मोरगावच्या गणेशाची वारी अवघड झाली असता कऱ्हा नदीत स्नान करताना मोरयांच्या ओंजळीत गणेशमूर्ती आली. पुढे ग्रंथ हाती घेऊन ते जिवंतपणीच समाधीत बसले व ती कधीही उघडू नये अशी त्यांनी आज्ञा केली. गजाननाचा अंश सात पिढ्या मोरयांच्या घराण्यात वसेल, अशीही श्रद्धा होती. औरंगजेबाने या घराण्यातील सत्पुरुषाच्या परीक्षेसाठी पाठविलेल्या झाकल्या तबकातील गोमांसाची जाईची फुले झाली, व त्याने आठ गावांची सनद दिली, ही आख्यायिका चिंचवड संस्थानाच्या इनामांशी निगडित आहे. तुकोबांनी चिंतामणींना ‘देव’ संबोधल्याने तेच आडनाव रूढ झाले, असे सांगतात.

एडवर्ड मूर याने १८०० मध्ये चिंचवडला भेट देऊन देव घराण्यातील ‘सजीव दैवता’चे वर्णन प्रसिद्ध केले. मार्गशीर्ष वद्य षष्ठीस येथे समाधि-उत्सव होतो. भाद्रपद व माघ महिन्यांत मोरगावास पालखी जाते.