माळेगावचा घोडे-गाढव बाजार : मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाचे एक साधन

प्रस्तावना

नांदेड-लातूर मार्गावरील माळेगाव (ता. लोहा) येथे मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. खंडोबा हा अश्वारूढ देव. त्याच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरावा हे स्वाभाविकच होय. परंतु त्याच यात्रेत गाढवांचीही खरेदी-विक्री होते. या दोन प्राण्यांच्या व्यवहाराचा विचार केल्यास मराठवाड्याच्या इतिहासलेखनातील एक उणीव लक्षात येते. तिचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

घोडा : सत्तेचे वाहन

मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेत बारगीर व शिलेदार हा भेद घोड्याच्या मालकीवर आधारलेला होता. बारगिरास सरकारी घोडा मिळे, तर शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येई. घोडा विकत घेण्याची ऐपत ही अशा रीतीने दर्जाची कसोटी ठरली. १७६० मध्ये आजच्या लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे मराठे व निजाम यांच्यात झालेल्या संघर्षाच्या काळात या प्रदेशाने घोडदळाचे महत्त्व अनुभवले. घोड्याचा संबंध राज्यसत्तेशी असल्यामुळे त्याच्या नोंदी दप्तरांत राहिल्या. ग्राहकाची पारखही शास्त्रबद्ध झाली. दातांवरून वय, चालीवरून उपयुक्तता व अंगावरील भोवऱ्यांवरून शुभाशुभ ठरविले जाई. चारही पाय व तोंडावरील पट्टा पांढरा असलेला पंचकल्याणी घोडा विशेष शुभ मानला गेला.

गाढव : श्रमिकांचे भांडवल

गाढवाचा ग्राहक मात्र कुंभार, वडार, बेलदार, कैकाडी, परीट अशा समाजांतील होता. १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत पोहोचली आणि दूरच्या मालवाहतुकीचे स्वरूप बदलले. तथापि वीटभट्टी, नदीपात्र किंवा खाणीपासून बांधकामापर्यंत माती, वाळू व दगड वाहून नेण्याचे काम गाढवाकडेच राहिले. भूमिहीन कुटुंबाच्या दृष्टीने गाढव हेच उत्पादनाचे साधन होते. त्यामुळे खरेदीतील चूक वर्षभराच्या मिळकतीवर परिणाम करणारी ठरे. राज्यातील गाढवांच्या बाजारांत आढळणारे 'दुवान' (दोन दातांचे), 'चौवान' (चार दातांचे) हे शब्द या ग्राहकाच्या काटेकोर परीक्षेची साक्ष देतात. ही परीक्षा पिढ्यान्‌पिढ्या तोंडी शिकविली गेली. तिचे दप्तर निर्माण झाले नाही. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) या आत्मकथनामुळे गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरणारे जीवन प्रथमच मोठ्या वाचकवर्गापुढे आले, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

बाजार आणि समाज

माळेगाव केवळ खरेदीचे ठिकाण नव्हते. वर्षभर विखुरलेल्या भटक्या जमाती येथे एकत्र येत आणि त्यांच्या जातपंचायती भरत. सोयरिकी व तंटे यांचे निर्णय जनावरांच्या सौद्यांच्या शेजारीच होत. परक्या माणसाशी व्यवहार करताना विक्रेत्याची ओळख व मध्यस्थाचा शब्द यांस मोल होते; कारण फसलेल्या ग्राहकास दाद मागण्यासाठी पुढील यात्रेखेरीज दुसरे स्थळ क्वचितच असे.

निष्कर्ष

पशुगणनेनुसार देशातील गाढवांची संख्या २०१२ मधील सुमारे ३.२० लाखांवरून २०१९ मध्ये सुमारे १.२४ लाखांवर आली, म्हणजेच ती सुमारे ६१ टक्क्यांनी घटली. घोडे व तट्टे यांची संख्याही याच काळात सुमारे ६.२५ लाखांवरून ३.४२ लाखांवर आली. तथापि दोहोंच्या घटीचा अर्थ सारखा नाही. घोड्याचा इतिहास दप्तरांत सुरक्षित आहे. गाढवाचा इतिहास वृद्ध ग्राहक-विक्रेत्यांच्या स्मरणात आहे आणि तो त्यांच्याबरोबरच नाहीसा होण्याचा धोका आहे. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी यात्राकाळात मौखिक साधनांचे संकलन हाती घेतल्यास केवळ लिखित साधनांवर विसंबणाऱ्या प्रादेशिक इतिहासात श्रमिकांना त्यांचे स्थान देता येईल.