टॅपेटची टकटक

पद्मिनी, अँबॅसेडर किंवा बुलेटच्या सहवासात ज्यांचे बालपण गेले त्यांना ‘साहेब, टॅपेट वाजताहेत’ हे गॅरेजमधले निदान पाठ असेल. मिस्तरी झाकण उघडून फिलर गेजची पाती सरकवत बसे आणि परतीच्या वाटेवर गाडी जरा शांत झालेली असे. अमेरिकेत आल्यावर हा विधी विसरायला होतो, कारण इथल्या मोठ्या व्ही-८ इंजिनांत ते काम बहुधा तेलच करते. तेल या कामाला कसे लागले, त्याची ही हकीकत.

मूळ दुखणे साधे आहे. व्हॉल्व्हचा दांडा तापला की लांबतो. फट ठेवली नाही तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि जळतो. फट ठेवली तर रॉकर त्यावर आपटत राहतो. म्हणजे टकटक ही सुरक्षिततेची किंमत! फ्रान्समध्ये आमेदे बोले यांनी १९१० च्या सुमारास तेलाने ही फट भरण्याची युक्ती काढली, पण ती रुजायला श्रीमंत गिऱ्हाईक लागले. १९३० च्या जानेवारीत कॅडिलॅकने ४५२ घनइंची व्ही-१६ इंजिन आणले. बत्तीस व्हॉल्व्ह एकदम वाजू लागले तर ऐटीची गाडी ती कसली? म्हणून तेलाच्या दाबावर चालणारे छोटे दट्टे बसवून रॉकरची फट आपोआप मिटवली गेली. १९३३ मध्ये पिअर्स-ॲरोने तेलाचा टॅपेटच दिला. ती कंपनी १९३८ मध्ये बुडाली, कल्पना मात्र तरली. १९५० मध्ये शेव्हरोलेच्या पॉवरग्लाइड गाड्यांत ती सामान्य माणसापर्यंत पोचली.

या ‘लिफ्टर’च्या पोटात एक दट्ट्या, एक नाजूक स्प्रिंग आणि एक गोळी असते. कॅम वर ढकलू लागला की गोळी तेलाची वाट बंद करते. तेल दबत नाही, त्यामुळे लिफ्टर भरीव लोखंडासारखा वागतो. कॅम उतरला की स्प्रिंग दट्ट्याला उचलते आणि झिरपलेले तेल पुन्हा भरले जाते. दट्ट्या आणि कवच यांची जोडी इतकी नेमकी बसवलेली असते की धुताना एकाचा दट्ट्या दुसऱ्यात घालू नये.

यातूनच प्रीलोड आला. दट्ट्या वरच्या कडीला टेकला तर तो कडीवर आपटतो. तळाला गेला तर व्हॉल्व्ह किंचित उघडाच राहतो, कॉम्प्रेशन जाते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. त्याला मधोमध ठेवायचे. १९५५ च्या शेव्हरोले व्ही-८ च्या घराण्यात रॉकरचे नट पुशरॉडची वरखाली हालचाल थांबेपर्यंत आवळायचे आणि मग आणखी एक फेरा, असा जुना नियम होता. हिशेब करून पाहा: स्टडवर इंचाला २४ आटे, म्हणून एका फेऱ्यात रॉकर १.०६ मिलिमीटर खाली येतो. पण रॉकरचे गुणोत्तर १.५ असल्याने पुशरॉडकडे ते सुमारे १.७६ मिलिमीटर होतात. शून्य ओळखताना बरेचजण फसतात. पुशरॉड बोटांत फिरवून जड लागेपर्यंत आवळला तर नाजूक स्प्रिंग आधीच दबलेली असते. वरखाली हलवून पाहणेच बरे. आवळून झाल्यावर तेल झिरपायला जरा वेळ द्यावा, लगेच इंजिन फिरवू नये.

आता आवाज. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून व्हॉल्व्हची टकटकही त्याच लयीत येते. सकाळी सुरू करताना काही सेकंद वाजून थांबली तर रात्री तेल उतरले होते, एवढेच. संथ चालीत वाजून वेगात थांबणारी टकटक गोळीखालच्या कचऱ्याकडे किंवा कमी दाबाकडे बोट दाखवते. उलट, वेगातच वाजत असेल तर आधी डिपस्टिक पाहावी. तेल जास्त झाले की फेसाळते, आणि फेस दबतो. रॉकर आणि दांडा यांच्यात गेजचे पाते सरकवताच आवाज गेला तर फट तिथेच आहे. माझ्या एका स्नेह्याला एका वर्कशॉपने इंजिनच बदलायला सांगितले होते; टकटक निघाली एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून. थंड असताना वाजायची, धातू प्रसरण पावला की बंद व्हायची. हजारो डॉलर वाचले ते एका रबरी नळीने, एक टोक कानाशी धरून.

सगळेच आवाज इतके भोळे नसतात. जस्त-फॉस्फरसयुक्त द्रव्य सपाट लिफ्टर आणि कॅम यांना वाचवते; उत्प्रेरक कन्व्हर्टरसाठी फॉस्फरसची मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आली, २००४ च्या एसएम तेलांत आणखी. १९८७ पासून शेव्हीच्या या इंजिनांत रोलर लिफ्टर येऊ लागले होते, त्यांना याची फारशी झळ नाही. मात्र त्याआधीच्या गाडीत नवा कॅम बसवणाऱ्याने डबा वाचूनच तेल ओतावे. १९९७ च्या एलएस-१ मध्ये तर फिरवायला नटच उरला नाही. रॉकर थेट आवळून बसतो आणि प्रीलोड ठरतो पुशरॉडच्या लांबीवर. हेड घासून घेतले असेल तर लांबी पुन्हा मोजावी लागते.