थेंबांचा तक्ता : झोपेचे औषध सोडण्याच्या इतिहासाविषयी

थॉमस डी क्विन्सीचे 'कन्फेशन्स ऑफ ॲन इंग्लिश ओपियम-ईटर' आपल्याकडे इंग्रजी गद्याच्या वर्गात वाचले जाते ते प्रामुख्याने त्यातील स्वप्नांसाठी. १८२१ साली 'लंडन मॅगझिन'मध्ये हे लेखन प्रथम प्रसिद्ध झाले, तेव्हा आपण अफूच्या पाशातून जवळजवळ मुक्त झालो आहोत अशा सुरात लेखकाने त्याचा शेवट केला होता. पुढच्याच वर्षी ते पुस्तकरूपाने आले आणि त्याला एक परिशिष्ट जोडावे लागले. हे परिशिष्ट फारसे कोणी वाचत नाही, कारण त्यात स्वप्ने नाहीत. एक तक्ता आहे. २४ जून १८२२ या सोमवारपासून रोज किती थेंब लॉडॅनम, म्हणजे अफूचा अर्क, घेतला याची ती नोंद आहे. सुरुवात १३० थेंबांपासून होते. आकडा शंभराखाली उतरतो, मध्येच तीनशेवर उसळतो, पुन्हा खाली येतो, काही दिवस शून्यावर थांबतो आणि शून्यानंतर परत दोनशेवर जातो.

मूळ लेखनाचा शेवट आणि हा तक्ता यांच्यातील विसंगती हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. कथेला त्यागाचा एक क्षण हवा असतो. वाल्या कोळ्याचा वाल्मीकी होतो तो एका प्रश्नाने, एका बैठकीत. शरीराला मात्र असा क्षण ठाऊक नसतो. ज्या द्रव्याशी त्याने महिनोन् महिने जुळवून घेतले, ते द्रव्य काढून घेताना त्याला पुन्हा तितक्याच सावकाशीने जुळवून घ्यावे लागते. झोपेच्या औषधांचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर असे दिसते की, अनेक माणसे औषधामुळे जितकी पोळली तितकीच ते सोडण्याविषयीच्या या चुकीच्या कथेमुळेही पोळली.

अफूनंतरचा पहिला मोठा टप्पा क्लोरल हायड्रेटचा. हे रसायन लीबिगने १८३२ मध्येच तयार केले होते. परंतु ते झोप आणते हे बर्लिनच्या ऑस्कर लीब्राइखने १८६९ मध्ये दाखवून दिले. अवघ्या काही वर्षांत ते युरोपभर पसरले. चित्रकार-कवी दान्ते गॅब्रिएल रोझेटीला निद्रानाशावर ते मिळाले १८७०च्या सुमारास. चव मारण्यासाठी तो त्यावर व्हिस्की पीत असे. १८८२ मध्ये तो गेला तोवर क्लोरल त्याच्या चरित्राचा अविभाज्य भाग झाले होते. पुढे १९०३ मध्ये एमिल फिशर आणि योझेफ फॉन मेरिंग यांनी 'व्हेरोनाल' आणले आणि बार्बिट्युरेट औषधांचे युग सुरू झाले. नवे औषध आले की जुन्याचे दोष त्यात नाहीत असे सांगितले जाई. ही ग्वाही इतिहासात पुढेही पुन:पुन्हा भेटते.

एव्हलिन वॉ याची 'द ऑर्डील ऑफ गिल्बर्ट पिनफोल्ड' (१९५७) ही कादंबरी या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. वॉ स्वत: झोपेसाठी क्लोरल आणि ब्रोमाइड घेत असे, त्यात मद्याची भर. १९५४ मध्ये सिलोनकडे जाणाऱ्या बोटीवर त्याला आवाज ऐकू येऊ लागले. आपल्याविरुद्ध कट चालला आहे अशी त्याची खात्री झाली. परतल्यावर मानसोपचारतज्ज्ञाने औषध बदलले आणि आवाज थांबले. ब्रोमाइड शरीरातून फार हळू बाहेर पडते, त्यामुळे रोजची मात्रा बेताची वाटली तरी साठा वाढत जातो. समीक्षकांनी या कादंबरीत लेखकाचे अपराधगंड शोधले आणि ते सापडतातही. पण तिचा पाया मात्रेच्या हिशेबात आहे, हे विसरून चालत नाही.

बार्बिट्युरेट एकाएकी बंद केल्यावर काय होते, याचा पुरावा १९५० मध्ये हॅरिस इसबेल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत लेक्सिंग्टन येथे मिळवला. तोही कैद्यांवर प्रयोग करून. त्यात आकडी आली, भ्रम झाले. प्रयोगाची नैतिकता आज कोणी मान्य करणार नाही. निष्कर्ष मात्र टिकला. दारू एकदम सोडल्यावर होते तसेच हेही जिवावर बेतू शकते, हा तो निष्कर्ष.

मग बेंझोडायझेपिन आली. हॉफमन-ला रॉश कंपनीच्या न्यू जर्सीतील प्रयोगशाळेत लिओ स्टर्नबाखने बाजूला ठेवलेल्या एका संयुगाची चाचणी १९५७ मध्ये झाली. त्यातून १९६० मध्ये 'लिब्रियम' आणि १९६३ मध्ये 'व्हॅलियम' बाजारात आले. जास्त गोळ्या घेतल्या तरी बार्बिट्युरेटइतका मृत्यूचा धोका नाही, ही त्यांची बाजू खरीच होती. त्यावरून सवयीचाही धोका नाही, असा अर्थ काढला गेला. वास्तविक १९६१ मध्येच लिओ हॉलिस्टर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या मात्रेत लिब्रियम घेणाऱ्या ११ रुग्णांचे औषध त्यांच्या नकळत बंद करून पाहिले होते. दहा जणांना नवी लक्षणे उद्भवली. दोघांना आकडी आली. म्हणजे व्हॅलियम विक्रीला येण्याच्या दोन वर्षे आधी ही माहिती छापून आली होती. मात्रा फार मोठी होती, नेहमीच्या मात्रेत असे होणार नाही, अशी समजूत करून घेण्यात आली. ती खोटी ठरायला वीस वर्षे लागली : १९८१ मध्ये पेतुरसन आणि माल्कम लेडर यांनी नेहमीच्याच मात्रेत औषध घेणारे १६ रुग्ण तपासले, तेव्हा त्या सर्वांनाच औषध थांबल्यावर त्रास झाला.

या वीस वर्षांत ज्यांना त्रास होत होता त्यांचे काय झाले? त्यांच्यावर विश्वास ठेवला गेला नाही. गोळी बंद केल्यावर छाती धडधडते, घाम सुटतो, आवाज आणि उजेड सोसत नाही, रात्र डोळ्यांवर जाते. डॉक्टर म्हणत, बघा, मूळ आजार परत आला. गोळी पुन्हा सुरू होई, बरे वाटे आणि निदानावर शिक्कामोर्तब होई. तर्कशास्त्रात ज्याला चक्रकदोष म्हणतात त्याचे याहून क्रूर उदाहरण शोधूनही सापडणार नाही. हे चक्र भेदले ते प्रामुख्याने साक्षीने. माहितीपटांची निर्माती बार्बरा गॉर्डन हिचे 'आय ॲम डान्सिंग ॲज फास्ट ॲज आय कॅन' हे आत्मकथन १९७९ मध्ये आले. व्हॅलियम एका फटक्यात सोड, हा डॉक्टरांचा सल्ला तिने पाळला आणि तिची परिणती रुग्णालयात झाली. म्हणजे तिने त्यागाची कथा जशीच्या तशी अमलात आणली होती. त्याच वर्षी अमेरिकी सिनेटमध्ये एडवर्ड केनेडी यांच्या उपसमितीने या औषधांवर सुनावणी घेतली.

परंतु साक्ष म्हणजे पद्धत नव्हे. पद्धत घडली ती न्यूकॅसलमध्ये. हेदर ॲश्टन या औषधशास्त्रज्ञ डॉक्टर. त्यांचा जन्म १९२९ मध्ये आपल्या डेहराडूनचा. १९८२ ते १९९४ या काळात त्यांनी केवळ या गोळ्या सोडू इच्छिणाऱ्यांसाठी चिकित्सालय चालवले, सुमारे तीनशे रुग्ण पाहिले आणि त्यांच्याकडून शिकून १९९९ मध्ये एक पुस्तिका लिहिली. २००२ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. तिचा गाभा म्हणजे पुन्हा तक्ताच आहे. झटपट उतरणाऱ्या गोळीऐवजी सावकाश उतरणारे डायझेपाम हळूहळू आणायचे आणि मग त्याची मात्रा आठवड्या-दोन आठवड्यांनी साधारण दहा टक्क्यांनी कमी करायची. वेग रुग्णाने ठरवायचा. २०१९ मध्ये ॲश्टन गेल्या, पण पुस्तिका अनेक भाषांत वाचली जाते. अमेरिकेतील वैद्यकीय संघटनांनी २०२५ मध्ये जी संयुक्त मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांतही वेग याच जातीचा आहे : दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के, आणि दोन आठवड्यांत पंचवीस टक्क्यांहून अधिक कधीच नाही.

यामागचे कारण समजून घेतले की हा सावकाशपणा भित्रेपणा वाटत नाही. मेंदूला शांत करणारे 'गाबा' नावाचे एक द्रव्य मेंदूतच असते. गोळी त्याचा प्रभाव वाढवते. बाहेरून मदत मिळत राहिली की मेंदू आपली बाजू सैल सोडतो. गोळी अचानक काढली तर आवर घालणारे कोणीच उरत नाही. ती थोडी थोडी काढली तर मेंदूला आपले काम परत अंगावर घ्यायला सवड मिळते.

ही कल्पना आपल्या परंपरेला परकी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट क्रमाने सोडावी असे सांगितले असून त्या क्रमाला 'पादांशिक' म्हटले आहे. वाग्भट अष्टांगहृदयात तेच सांगताना चतुर्थांशाने किंवा चतुर्थांशाच्याही चतुर्थांशाने सोडावे, असे दोन पर्याय देतो आणि एकदम सोडल्यास त्यातूनच रोग उद्भवतात, असा इशाराही देतो. चतुर्थांशाचा चतुर्थांश म्हणजे सोळावा भाग, सव्वासहा टक्के. आजच्या शिफारशीत तो आकडा नेमका बसतो. हा योगायोग आहे. वाग्भटासमोर आहार-विहाराच्या सवयी होत्या, अल्प्राझोलामची गोळी नव्हती. 'आमच्याकडे सगळे होतेच' असे म्हणण्यासाठी हे उदाहरण वापरू नये. पण संयमाला क्रम असतो, हे सांगणारी भाषा आपल्याकडे होती आणि त्यागाच्या कथांच्या गजरात ती आपण ऐकेनाशी झालो, एवढे म्हणायला हरकत नसावी.

आज हा प्रश्न आपल्या घरांत आहे. दहा-पंधरा वर्षे रात्री अर्धी गोळी घेणारी आजी, परीक्षेच्या काळात सुरू झालेली गोळी न सुटलेला विद्यार्थी, ही उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. भारतात लाखामागे एकही मानसोपचारतज्ज्ञ येत नाही. तालुक्याच्या गावी तर त्यांचे नावही नसते. २०१३ मध्ये अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम इत्यादी औषधे 'एच-वन' या परिशिष्टात घालण्यात आली. चिठ्ठीशिवाय विक्री नाही आणि दुकानदाराने वेगळी नोंदवही ठेवायची, हा नियम योग्यच आहे. मात्र वर्षानुवर्षे गोळी घेणाऱ्याची चिठ्ठी संपली, तर नियम त्याच्यावर नेमका तोच एकाएकी त्याग लादतो ज्याचे परिणाम हॉलिस्टरने १९६१ मध्ये नोंदवले होते. म्हणून पहिली गोष्ट ही की, साठा संपेपर्यंत थांबू नये.

तज्ज्ञ नसेल तेथे इतिहासातून काय हाती लागते? मात्रा उतरवण्याचे वेळापत्रक फॅमिली डॉक्टरही आखून देऊ शकतात. त्यासाठी मोठे रुग्णालय लागतेच असे नाही. आज नेमकी किती मात्रा, कोणत्या वेळी, किती वर्षे, हे कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवावे. एका औषधाऐवजी दुसरे किती द्यायचे हे त्यांनीच ठरवावे, कारण ॲश्टन यांच्या कोष्टकात अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलाम म्हणजे दहा मिलिग्रॅम डायझेपाम होते आणि इतर कोष्टकांत आकडे वेगळे आहेत. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या मोडू नयेत. पायरी सोसवली नाही तर पुढची लांबवावी. कमी झालेल्या गोळीची भरपाई दारूने किंवा दुसऱ्या गुंगीच्या औषधाने करणे हा रोझेटीचा आणि वॉचा रस्ता, तो टाळावा. ज्यांना पूर्वी आकडी आली आहे, जे दारूही घेतात, ज्यांची मात्रा मोठी आहे, ज्या गर्भवती आहेत किंवा ज्यांना गंभीर मानसिक आजार आहे, त्यांनी हे घरच्या घरी करू नये. आकडी, भ्रम, भास किंवा जीव नकोसा होणे ही लक्षणे दिसली तर वेळापत्रक बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठावे. जवळ कोणीच नसेल तर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेली-मानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर बोलायला उपलब्ध आहे.

आणि झोप? गोळी कमी केल्यावर काही रात्री झोप आधीपेक्षाही वाईट होते. हा उसळून आलेला निद्रानाश पुष्कळदा ओसरतो. तो मूळ आजाराचा पुरावा मानण्याची घाई करू नये. दीर्घ निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून २०१६ मध्ये अमेरिकी वैद्यांच्या महाविद्यालयाने गोळीची नव्हे, तर झोपेच्या सवयी व विचार बदलणाऱ्या उपचारपद्धतीची शिफारस केली. उठण्याची वेळ ठरलेली असणे, झोप येईल तेव्हाच अंथरुणावर जाणे, या तिच्यातील गोष्टी दिसायला साध्या आहेत.

डी क्विन्सी अफूपासून कायमचा कधीच सुटला नाही. १८५९ मध्ये तो गेला तोवर ती कमीअधिक प्रमाणात त्याच्याबरोबर होती. त्या अर्थाने त्याचा तक्ता अयशस्वीच म्हणावा लागेल. पण त्याच्या आकड्यांत जी उसळी दिसते, ती आपण दुबळेपणा म्हणून वाचतो की फार मोठ्या पायऱ्यांचा परिणाम म्हणून, यावर बरेच अवलंबून आहे. पहिले वाचन नीतीचे आहे, दुसरे वैद्यकाचे. पिढ्यान्‌पिढ्या पहिलेच वाचन प्रमाण मानले गेले आणि त्याची किंमत रुग्णांनी मोजली. वर्गात हे पुस्तक शिकवताना शेवटची चार पानेही उघडावीत, एवढेच सुचवावेसे वाटते.