निम्फ-मासेमारी आणि तिची काठी

नदींतील ट्राउट मासा आपलें बहुतेक अन्न पाण्याच्या पृष्ठभागावर न घेतां पाण्याखालींच घेतो. पंख फुटण्यापूर्वीं जलकीटक ज्या बाल्यावस्थेंत पाण्यांत वाढतो, तिला मासेमार ‘निम्फ’ म्हणतात. पिसांनीं व दोऱ्यानें तिची प्रतिकृति गळावर बांधावी आणि माशाला भुलवावें, एवढीच ही विद्या. परंतु तिच्यासाठीं काठी कोणती घ्यावी, या साध्या प्रश्नामागें मोठा वाद उभा आहे. मासा कोठें खातो याविषयीं माणसाची जशी समजूत, तशी त्याच्या हातांतील काठी, हेंच या इतिहासाचें सूत्र होय.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण इंग्लंडांतील टेस्ट व इचेन या निर्मळ नद्यांवर फ्रेडरिक हॅल्फर्ड याचा शब्द प्रमाण मानला जाई. १८८६ व १८८९ सालच्या ग्रंथांत त्यानें तरंगत्या कृत्रिम माशीचें शास्त्र मांडलें. अशी माशी कोरडी राहावी म्हणून दोर हवेंत पुनःपुन्हां झुलवून तिच्यावरील पाणी झटकावें लागतें. त्या कामीं ताठ व जोरकस काठीच उपयोगी. शिष्यांनीं मात्र शास्त्राचा धर्म केला, आणि माशी पाण्याखालीं टाकणें हें कमीपणाचें ठरलें.

या मताला आव्हान दिलें तें जी. ई. एम. स्क्यूज या लंडनच्या वकिलानें. विंचेस्टरजवळ इचेनवर तो मासे धरी. एकदां त्याची माशी न तरंगतां बुडाली, आणि ट्राउटनें ती निःशंकपणें घेतली. त्यानें हा केवळ योगायोग मानला नाहीं. धरलेल्या माशांच्या पोटांतील अन्न लांबट चमच्यानें काढून तो तपासूं लागला. त्यांत निम्फ विपुल आढळले. १९१० व १९२१ सालच्या ग्रंथांत त्यानें आपलें म्हणणें मांडलें. त्याची आवडती काठी अमेरिकेंतील लेनर्डच्या कारखान्याची, चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या सांधून केलेली, सुमारें ९ फूट लांब व अवघी ५ औंस वजनाची होती. तिला तो जगांतील सर्वोत्तम काठी म्हणे. अशा काठ्यांसाठीं आरंभीं हिंदुस्थानांतून जाणारा ‘कलकत्ता’ बांबू वापरीत. पुढें दक्षिण चीनच्या टोंकिन बांबूनें त्याची जागा घेतली. हलकी काठी दिवसभर हातास जड होत नाहीं, आणि तिचें मऊ टोक माशाचा हिसका स्वतः सोसून बारीक तांत तुटूं देत नाहीं.

१९३८ सालीं लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबांत निम्फच्या योग्यायोग्यतेवर वादविवाद झाला. त्यांत वृद्ध स्क्यूज जवळजवळ एकाकी पडला. त्याच वर्षीं, ऐंशीच्या उंबरठ्यावर, सहभागीदारांच्या नापसंतीमुळें त्यानें पन्नासाहून अधिक वर्षें सेवन केलेला नदीचा तो भाग सोडला. १९३९ सालीं त्याचा निम्फवरील ग्रंथ निघाला. १९४९ सालीं तो वारला.

पुढचें पाऊल टाकलें तें एका नदीरक्षकानें. विल्टशायरमधील एव्हन नदीवरील फ्रँक सॉयर याचा ग्रंथ १९५८ सालीं प्रसिद्ध झाला. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचें पीस तो दोऱ्याऐवजीं तांब्याच्या बारीक तारेनें बांधी. तारेच्या वजनानें निम्फ लवकर खोल जाई. मग काठीचें टोक किंचित् उचलतांच ती वर येई, आणि भक्ष्य निसटतें आहे असें वाटून मासा झडप घाली. आतां काठी केवळ दोर फेंकण्याचें साधन राहिली नाहीं. निम्फला जिवंतपणा देणें हेंही तिचें काम झालें.

१९७० नंतर कार्बन तंतूंच्या काठ्या आल्या, आणि वजन न वाढवितां लांबी वाढविणें शक्य झालें. चेक व पोलिश स्पर्धकांनीं वेगवान् नद्यांत जड निम्फ काठीच्या टोकाखालींच, जवळच्या पाण्यांत वाहूं देण्याची पद्धति रूढ केली. नदीचे प्रवाह कमीअधिक वेगानें वाहतात. दोर त्यांवर पडला कीं निम्फला अस्वाभाविक ओढ बसते आणि मासा सावध होतो. लांब काठी दोर पाण्यावर उचलून धरते. म्हणूनच अशा मासेमारीस आज १० ते ११ फुटांची, २ ते ४ क्रमांकाच्या हलक्या दोराची, टोकाला मऊ व मुठीकडे भक्कम अशी काठी पसंत करतात. झाडींतून वाहणाऱ्या लहान ओढ्यावर मात्र तीच लांबी अडचणीची ठरते. तेथें ९ फूट किंवा त्याहून आखूड काठीच बरी.

तेव्हां काठी निवडणारानें दुकानांत जाण्यापूर्वीं नदीकांठीं उभें राहून पाणी किती खोल, किती वेगवान् आणि मासा कोणत्या थरांत खातो, हें पाहावें. स्क्यूजनें दुसरें कांहीं केलें नाहीं. ग्रंथांतील वचनापेक्षां माशाच्या पोटांतील पुरावा त्यानें श्रेष्ठ मानला. त्याची आवडती नदी त्यापायीं त्याला सोडावी लागली; परंतु त्यानें दाखविलेली वाट पुढें सर्वांचीच झाली.