ठिणगीची आगाऊ वेळ



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु मोटारीच्या इंजिनात ठिणगी नेमकी केव्हा पडावी, या एवढ्याशा प्रश्नालाही शंभरांहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, आणि तो बव्हंशी कारागिरांच्या कानांचा व हातांचा आहे.

प्रथम प्रश्न समजून घेऊ. पिस्टन वर येताना पेट्रोल व हवा यांचे मिश्रण दाबतो, ठिणगी पडते, मिश्रण जळते आणि पिस्टन खाली ढकलला जातो. तेव्हा पिस्टन माथ्यावर पोहोचताच ठिणगी पडावी, असे कोणासही वाटेल. पण आग पसरावयास वेळ लागतो. तो सेकंदाचा पाचशेवा भाग धरला, तर मिनिटास हजार फेरे घेणारे इंजिन तेवढ्यात १२ अंश फिरते आणि तीन हजार फेरे घेणारे ३६ अंश. मृगाचा पाऊस गाठायचा तर रान वैशाखातच तयार ठेवावे लागते, तसेच हे आहे. ठिणगी आधी टाकावी लागते, आणि वेग वाढेल तशी आणखी आधी. मात्र वेगाबरोबर मिश्रणातील खळबळही वाढते व ज्वाला अधिक चपळ होते; म्हणून ही वाढ कोठेतरी थांबते. जुन्या पद्धतीच्या पुष्कळ इंजिनांत ती ३० ते ३६ अंशांच्या आसपास थांबते.

आरंभी हा हिशेब चालकानेच करावयाचा असे. १९०४ च्या अखेरीस दिल्लीहून मुंबईकडे मोटारींची चाचणी निघाली, त्या काळी ठिणगी मागेपुढे करण्याची दांडी चालकाच्या हाताशी असे. १९०८ ते १९२७ पर्यंत निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी' गाडीतही ती सुकाणूखाली डाव्या बाजूस होती. हँडल मारण्यापूर्वी दांडी मागे घ्यावयाची राहिली, तर इंजिन उलटा झटका देई आणि माणसाचे मनगट मोडे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांच्या डेल्को कंपनीने १९१० च्या सुमारास कॅडिलॅक गाड्यांना बॅटरीवरची ठिणगी दिली. पुढे फिरती वजने व स्प्रिंगा यांच्या योगाने वेगाप्रमाणे ठिणगी आपोआप पुढे सरू लागली. ही योजना ज्या डबीत असते, त्या डिस्ट्रिब्यूटरला आपल्याकडील जुने मिस्त्री 'डेल्को' म्हणतात, ते त्या कंपनीच्या नावावरून.

आता आपल्या देशाकडे येऊ. शेजारच्या सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. तिच्या मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० आणि पद्मिनी या गाड्या निघाल्या. ज्यांना परदेशी शर्यतगाडी परवडत नव्हती, त्यांनी असल्या घरगुती फियाट मद्रासजवळच्या शोलावरम येथील जुन्या विमानपट्टीवर पळविल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे तीन सिलिंडरांचे, ७९६ घन सेंटिमीटरचे इंजिन घेऊन 'फॉर्म्युला मारुती' ही स्वस्त शर्यतगाडी उभी केली. तिच्यावर हात बसवलेल्यांपैकी नारायण कार्तिकेयन २००५ साली फॉर्म्युला वनपर्यंत पोहोचले.

अशा गाडीत सर्वांजवळ इंजिन एकाच जातीचे असते. महागडे सुटे भाग घेण्याची ऐपत नसते. मग उरते ती जुळणी. मिस्त्री कप्पीवर अंशांच्या खुणा करतो, इंजिन भरवेगात आणतो, लुकलुकणाऱ्या टायमिंग दिव्याच्या उजेडात खूण पाहतो आणि डेल्को किंचित फिरवून घट्ट करतो. मंद चालीतल्या आकड्याकडे तो फारसे पाहत नाही, कारण शर्यतीत इंजिन मंद चालतच नाही. पोकळीच्या ओढीने ठिणगी पुढे नेणारी रस्त्यावरच्या गाडीतली टोपीही तेथे निरुपयोगी ठरते. थ्रॉटल पूर्ण उघडा असला की ती ओढच उरत नाही.

मोह येथेच असतो. दोन अंश पुढे नेले, जोर वाढला. आणखी दोन नेले, आणखी थोडा वाढला. मग तो वाढावयाचा थांबतो, पण हात थांबत नाही. पिस्टन वर येत असतानाच वरून दाब येतो, उरलेले मिश्रण आपोआप भडकते आणि धातूवर हातोडीसारखे ठोके बसतात. इंजिन नॉक करू लागते. भरवेगाच्या गोंगाटात ते कानावर येईपर्यंत पिस्टनला भोक पडलेले असावयाचे. धनवान संघ दुसरे इंजिन चढवील. उधारउसनवारीने गाडी उभी करणाऱ्याचे वर्ष तेथेच संपते. म्हणून जाणता मिस्त्री ज्या अंशावर पुरता जोर मिळतो, त्यांतला सर्वांत कमी अंश धरतो, आणि तेथूनही किंचित मागेच राहतो. ठिणगी आगाऊ हवी, आगाऊपणा नको.

आज रस्त्यावरच्या मोटारींत हे काम संगणक करतो. ठोका ऐकणारा संवेदक त्याला सूचना देतो आणि तो क्षणात ठिणगी मागे घेतो. चालकाच्या दांडीकडून मिस्त्रीच्या हाताकडे आणि तेथून यंत्राकडे हे ज्ञान गेले. परंतु त्या यंत्राला शिकविलेला नियम मात्र मिस्त्रींनी पिस्टन जाळून, मनगटे मोडून घेऊन मिळविलेला आहे. त्यांतील बहुतेकांची नावे कोठेही लिहिलेली नाहीत. आपल्या निलंग्यातल्या एखाद्या गॅरेजात इंजिनाला कान लावून उभा असलेला मिस्त्री दिसला, तर तो याच इतिहासाचा वारस आहे, एवढे आपण ध्यानी ठेवावे.