तुरीचा वांझ रोग आणि शेजारचे देश

आपल्या शहरातून जालना रस्त्याला लागलं की बदनापूर येतं. तिथल्या कृषी संशोधन केंद्राच्या ‘बीएसएमआर ७३६’ या तुरीच्या नावातच इतिहास आहे: बदनापूरची, वांझ रोगाला दाद न देणारी. या रोगात झाड हिरवंगार दिसतं, पण फुलं-शेंगा धरत नाही. रोग पसरवतो नुसत्या डोळ्यांना न दिसणारा कोळी. तो वाऱ्यावर जातो. त्याला सरहद्द कुठली? नेपाळ, म्यानमारमध्येही हाच रोग.

अशा सामायिक प्रश्नांसाठी हैदराबादजवळच्या ‘इक्रिसॅट’ने १९८६ मध्ये तूर, हरभरा, भुईमुगासाठी आशियाई देशांचं संशोधन-जाळं उभं केलं. त्यात बांगलादेश, श्रीलंका होते, आणि हो, पाकिस्तानही. १९९२ मध्ये तृणधान्यंही आली. पद्धत साधी: तेच वाण निरनिराळ्या देशांत पेरायचे, नोंदी ताडून बघायच्या. इक्रिसॅटचा लवकर येणारा ‘आयसीसीव्ही २’ हरभरा म्यानमारमध्ये ‘येझिन ३’ झाला.

पुढे २००२ च्या जैवविविधता कायद्याने बियाणं बाहेर पाठवण्यावर शिस्त आली. लूट थांबायलाच हवी. पण कोळी परवाना काढून येत नाही, हेही धोरण ठरवणाऱ्यांनी ध्यानात ठेवायला हवं.