शब्दवेध : रिक्तिका

पेशीचे भाग पाठ करताना केंद्रक, तंतुकणिका यांच्या गर्दीत रिक्तिका मागे पडते. नावच दुबळं! संस्कृत 'रिक्त' म्हणजे रिकामा; त्याला 'इका' जोडून झाली छोटीशी रिकामी जागा. मूळचं 'व्हॅक्युओल'ही लॅटिनमधल्या 'रिकामा' या अर्थाच्या शब्दावरून आलेलं. १८४१ मध्ये फेलिक्स द्युजार्दँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते वापरलं. रिक्तिकेतलं पारदर्शक पाणी सूक्ष्मदर्शकात पोकळीसारखंच दिसणार.

विजयदुर्गला वाघोटण खाडीच्या काठची तिवरं बघा. खाऱ्या चिखलात ती तगतात, त्यात या 'रिकामी'चा मोठा हात आहे. पानात शिरलेलं मीठ ती आपल्यात कोंडून घेते, म्हणजे पेशीद्रव्यातल्या नाजूक कामांना त्याची बाधा होत नाही. शिवाय पानावरच्या ग्रंथींतून तिवर मीठ बाहेर टाकतं; पान चाटलं तर खारट लागतं. वाढ झालेल्या वनस्पतीपेशीची ९० टक्क्यांपर्यंत जागा रिक्तिकाच व्यापते. तिच्यातल्या पाण्याच्या दाबामुळे पान ताठ राहतं. मेथीची जुडी दुपारी मलूल होते, ती हा दाब उतरल्यामुळे.

मला विचाराल तर तिला 'साठवणी' म्हणायला हवं होतं. पण पाठ्यपुस्तकांत रिक्तिका रुजली आहे, आता तीच राहणार.